थोर बालशिक्षक पेस्टालोझी

शाळेच्या वार्षिक संमेलनाच्या दिवशीं विद्यार्थ्यांनीं काढलेलीं चित्रें आणि मातीचीं व लांकडाचीं कामें पालकांसमोर मांडलेलीं असतात. पालक कौतुकानें पाहतात, मुलांच्या पाठीवरून हात फिरवितात. परंतु घरीं परततांना एकाद्याच्या मनांत एक शंका हटकून येते. गाणें, चित्रें, बागकाम आणि कवायत ह्यांत मुलांचा जो वेळ जातो, तोच गणिताला व भाषेला दिला तर अधिक हित होणार नाहीं काय? मूल शाळेंत येतें तें परीक्षेसाठीं कीं रोपांना पाणी घालण्यासाठीं? ही शंका रास्त आहे. पोटास चिमटा घेऊन फी भरणाऱ्या बापास ती विचारण्याचा अधिकारही आहे. तिचें उत्तर वाद घालून देण्यापेक्षां एका मनुष्याचें चरित्र सांगून द्यावें, असें आम्हांस वाटतें. कारण ह्याच प्रश्नाच्या पायीं त्या मनुष्याचा सारा जन्म, सारें द्रव्य आणि बहुतेक सारें सुख खर्चीं पडलें.

योहान हाइन्रिख पेस्टालोझी ह्यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांतील झुरिच शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. वडील शस्त्रवैद्य होते. हाइन्रिख अवघा पांच वर्षांचा असतांना, १७५१ सालीं, ते वारले. मृत्युशय्येवर असतांना त्यांनीं घरांतील बाबेली नांवाच्या मोलकरणीस जवळ बोलाविलें आणि आपल्या कुटुंबाला सोडून न जाण्याविषयीं विनविलें. तिनें शब्द दिला आणि तो अखेरपर्यंत पाळला. बाजार उठावयाची वेळ झाली म्हणजे ती भाजी आणावयास जाई, कारण त्या वेळीं घरीं जाण्याच्या घाईंत माळणी उरलासुरला माल स्वस्तांत देत. मुलांचे कपडे व जोडे झिजूं नयेत म्हणून ती त्यांना विनाकारण बाहेर खेळावयास सोडीत नसे. अशा रीतीनें आई आणि बाबेली ह्या दोघींनीं अब्रूनें संसार रेटला. गरिबाच्या घरची मोलकरीण किती थोर असूं शकते, हें हाइन्रिखनें लहानपणींच पाहिलें आणि तें तो कधीं विसरला नाहीं.

मात्र ह्या बंदिस्त वाढीचा एक परिणाम असा झाला कीं, मुलगा समवयस्कांत बावळा ठरला. खेळांत तो मागें पडे, कपडे गबाळे असत आणि सोबती त्याला चिडवीत. एकदां शाळा चालू असतां भूकंपाचा धक्का बसला. शिक्षक आणि विद्यार्थी सारेच जिन्यावरून खालीं धांवले. मागें राहिलेल्या टोप्या व पुस्तकें आणण्यास कोणी धजेना. तेव्हां ज्याला सारे हंसत, तोच हाइन्रिख वर गेला. भोळेपणा आणि धैर्य एकाच अंगीं नांदूं शकतात, असें ह्या प्रसंगावरून दिसतें.

त्याचे आजोबा झुरिचजवळच्या हॉन्ग गांवीं धर्मोपदेशक होते. सुटींत हाइन्रिख त्यांच्याकडे जाई. आजोबा गरिबांच्या झोंपड्यांतून व गांवच्या शाळेंतून हिंडत, त्या वेळीं नातू बरोबर असे. गुटगुटीत, हंसरीं खेड्यांतील पोरें थोडीं मोठीं होऊन सुताच्या कामाला जुंपलीं गेलीं, म्हणजे वर्षादोन वर्षांत कशीं निस्तेज होतात, हें त्यानें तेथें पाहिलें. शाळा होती, पण तींत अर्थ न कळतां पाठ करण्यापलीकडे कांहीं नव्हतें. आपण ह्या लोकांसाठीं कांहीं तरी करावें, ही इच्छा त्याच्या मनांत तेथेंच रुजली.

विद्यालयांत असतांना रूसो ह्या ग्रंथकाराचें १७६२ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘एमिल’ हें पुस्तक त्याच्या हातीं पडलें. बालकाला निसर्गाच्या क्रमानें वाढूं द्यावें, ही त्यांतील कल्पना त्याला मोहवून गेली. शहरांतील मानाचे व्यवसाय सोडून शेतकरी व्हावें आणि शेतकऱ्यांत राहून त्यांची स्थिति सुधारावी, असें त्यानें ठरविलें. १७६९ सालीं अ‍ॅना शुल्टेस ह्या सुशिक्षित तरुणीशीं पेस्टालोझी ह्यांचा विवाह झाला. ती त्यांच्याहून आठ वर्षांनीं मोठी होती. तिच्या आईबापांचा ह्या लग्नास विरोध होता. आपला जांवई व्यवहाराला निरुपयोगी आहे, असें त्यांचें मत होतें. तें मत व्यवहारापुरतें खरेंच ठरलें, हें पुढें दिसेल. परंतु अ‍ॅनानें सेहेचाळीस वर्षें त्यांची सोबत केली.

बिर गांवाजवळ माळरान विकत घेऊन पेस्टालोझींनीं तेथें घर बांधलें आणि त्याला ‘नॉयहोफ’, म्हणजे नवें शेत, असें नांव दिलें. रंगासाठीं लागणारी मंजिष्ठ लावून पैसा मिळवावा, असा त्यांचा बेत होता. जमीन हलकी निघाली, भांडवल पुरविणारांनीं हात आंखडता घेतला आणि शेती बुडाली. दुसरा कोणी असता तर शहरांत परतला असता. पेस्टालोझींनीं उलट त्याच घरांत १७७४ च्या सुमारास अनाथ व भिकारी मुलांसाठीं शाळा काढली. मुलें सूत कातीत, कापड विणीत, बागेंत खपत आणि हात चालू असतांनाच वाचन व हिशेब शिकत. हळूहळू मुलांची संख्या तिसांच्या वर गेली. १९३७ सालीं वर्धा येथें महात्मा गांधींनीं जी शिक्षणयोजना मांडली, तिच्यांतही चरखा आणि अक्षर ह्यांची अशीच सांगड होती, हें आमच्या वाचकांना येथें आठवल्यावांचून राहणार नाहीं.

मुलांच्या कामावर शाळेचा खर्च भागेल, हा पेस्टालोझींचा हिशेब मात्र चुकला. लहान हातांनीं काढलेलें सूत बाजारांत टिकेना. मुलांना धडके कपडे मिळाले व अंगावर मांस चढलें, कीं आईबाप येऊन त्यांना घेऊन जात. १७८० सालीं शाळा बंद पडली. अ‍ॅनाला माहेरून मिळालेला पैसाही त्यांत गेला. ह्याच घरांतील आणखी एक दुःख लपविणें योग्य होणार नाहीं. पेस्टालोझींना एकच मुलगा होता. रूसोच्या नांवावरून त्याचें नांव याकोब ठेविलें होतें आणि रूसोच्या पुस्तकाबरहुकूम त्याला वाढविण्याचा प्रयत्न झाला होता. अकरा वर्षांचा झाला तरी त्याला नीट लिहितांवाचतां येत नव्हतें. पुढें तो अपस्माराच्या विकारानें खंगला आणि १८०१ सालीं ऐन तारुण्यांत वारला. सबंध युरोपाच्या मुलांस शिकविणाऱ्याला स्वतःच्या मुलाचें शिक्षण साधलें नाहीं. पुस्तकांतील तत्त्व आणि समोरचें मूल ह्यांत समोरच्या मुलाकडे आधीं पाहावें, हा धडा पेस्टालोझी मोठी किंमत देऊन शिकले.

पुढील अठरा वर्षें दारिद्र्यांत गेलीं. ह्या काळांत त्यांनीं लेखणी हातीं धरली. १७८१ सालीं ‘लीनहार्ड आणि गर्ट्रूड’ ह्या कादंबरीचा पहिला भाग निघाला. व्यसनी नवऱ्याचा संसार सांवरून आपल्या मुलांना घरकामांतूनच शिकविणारी एक खेड्यांतील बाई तिची नायिका आहे. मुलें चरख्याचे धागे मोजतात, त्यांतून त्यांना अंक येतात. खोलीची लांबी पावलांनीं मोजतात, त्यांतून हिशेब येतो. पुस्तक लोकांना आवडलें; १७९२ सालीं फ्रान्सनें पेस्टालोझींना मानाचें नागरिकत्वही दिलें. पण त्यांना लेखक म्हणून कीर्ति नको होती, मुलें हवीं होतीं.

तीं मुलें त्यांना मिळालीं तीं एका भयंकर प्रसंगामुळें. १७९८ सालीं फ्रेंच सैन्याच्या बळावर स्वित्झर्लंडांत नवें राज्य स्थापन झालें. निडवाल्डन प्रांतानें त्याला विरोध केला, तेव्हां त्या वर्षाच्या सप्टेंबरांत फ्रेंचांनीं स्टान्झ हें गांव जाळून उध्वस्त केलें. शेंकडों माणसें मेलीं आणि मुलें उघडीं पडलीं. नव्या सरकारनें तेथें अनाथालय काढावयाचें ठरविलें व तें काम पेस्टालोझींवर सोंपविलें. १४ जानेवारी १७९९ रोजीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, एका मठाच्या अर्धवट बांधलेल्या भागांत त्यांनीं तें सुरू केलें. थोड्याच दिवसांत सुमारें ८० मुलें जमलीं. कोणाच्या अंगभर खरूज, कोणाच्या डोक्यांत उवा, कोणी हाडांचा सांपळा झालेला, तर कोणी भीक मागून निर्ढावलेला. मदतीला घरकाम पाहणारी एक बाई. दुसरा शिक्षक नाहीं, पुस्तकें नाहींत. गांवचे लोक कॅथलिक आणि पेस्टालोझी प्रॉटेस्टंट, शिवाय ज्या सरकारनें गांव जाळविलें त्याच सरकारचे नोकर. तेव्हां लोकांचा विश्वासही नाहीं.

पेस्टालोझी त्या मुलांत राहिले. त्यांच्याबरोबर जेवले, त्यांच्याच दालनांत निजले. आजाऱ्यांची सेवा त्यांनीं स्वतःच्या हातांनीं केली. रात्रीं सर्वांच्या मागून ते अंथरुणावर पडत आणि सकाळीं सर्वांच्या आधीं उठत. ज्याला दोन अक्षरें अधिक येत, तो मुलगा दोन्हीं बाजूंस दोन लहानांना घेऊन शिकवी. त्यांनीं धर्माचा व नीतीचा उपदेश फारसा केला नाहीं; प्रसंग आला म्हणजे त्यांतूनच धडा काढला. शेजारचें अल्टडॉर्फ गांव त्याच वर्षीं जळालें, तेव्हां त्यांनीं मुलांना भोंवतीं जमवून विचारलें कीं, तेथील वीसेक निराश्रित मुलें आपण येथें आणावीं काय. आणलीं तर तुमच्या ताटांतलें अन्न कमी होईल, काम वाढेल, कपडे वांटून घ्यावे लागतील, हेंही त्यांनीं स्पष्ट सांगितलें. तरी मुलांनीं तीं आणण्याचाच आग्रह धरला. चार महिन्यांपूर्वीं जीं पोरें भाकरीच्या तुकड्यासाठीं भांडत होतीं, तींच आतां आपला घांस दुसऱ्याला देऊं लागलीं. आमच्या मतें पेस्टालोझींच्या साऱ्या आयुष्यांत ह्याहून मोठा विजय दुसरा नाहीं.

हा विजय पांच महिनेही टिकला नाहीं. जूनमध्यें लढाई जवळ आली, फ्रेंच सैन्याला इस्पितळासाठीं जागा हवी झाली आणि अनाथालय मोडलें. बहुतेक मुलें पांगलीं. पेस्टालोझी रक्त ओकण्याइतके आजारी होऊन विश्रांतीसाठीं डोंगरांत गेले.

बरें वाटतांच त्यांनीं बर्गडॉर्फ येथें प्राथमिक शाळेंत साधी शिक्षकाची जागा मागितली. प्रथम ज्या शाळेंत त्यांना पाठविलें, तेथला शिक्षक मुळांत चांभार होता. तो शिकवीतही असे आणि जोडेही शिवीत असे. हा नवा म्हातारा पाठांतर घेत नाहीं, धर्माची प्रश्नोत्तरें म्हणवून घेत नाहीं, असें पाहून त्यानें पालकांना चिथविलें. आमच्या मुलांवर प्रयोग नकोत, अशी पालकांनीं तक्रार केली व पेस्टालोझींना तेथून निघावें लागलें. मग त्यांना पांच ते आठ वर्षांच्या बालकांची शाळा मिळाली. तेथें खोलीच्या भिंतीवरील फाटका कागद हेंच त्यांचें पुस्तक झालें. त्यावर भोंक कोठें आहे, तें गोल कीं लांबट, केवढें आहे, त्याच्या कडा कशा आहेत, हें मुलांनीं पाहावें, मोजावें आणि पुऱ्या वाक्यांत सांगावें. स्वतः पेस्टालोझी आवाज बसेपर्यंत ओरडून शिकवीत आणि कपड्यांची दाद त्यांना नसे. पण १८०० सालच्या मार्चमध्यें गांवच्या शाळासमितीनें मुलांची तपासणी केली, तेव्हां इतक्या थोड्या अवधींत एवढीं लहान मुलें इतकीं तयार झालेलीं पाहून तिनें त्यांची लेखी प्रशंसा केली. १८०१ सालीं ‘गर्ट्रूड आपल्या मुलांना कसें शिकविते’ ह्या ग्रंथांत त्यांनीं आपली पद्धति मांडली. संख्या, आकार आणि शब्द हीं ज्ञानाचीं तीन मुळें. आधीं वस्तु, मग तिचें नांव. आधीं जवळचें, मग दूरचें. आणि डोकें, हृदय व हात ह्या तिहींची वाढ बरोबरीनें, असें तिचें सार आहे.

१८०५ सालीं पेस्टालोझी न्यूशाटेल सरोवराच्या कांठीं इव्हर्डन येथील जुन्या किल्ल्यांत आले. तेथें त्यांची शाळा वीस वर्षें चालली आणि तिची कीर्ति सर्वत्र पसरली. भरभराटीच्या काळांत तेथें दीडशेंच्या आसपास मुलें होतीं. तीं जर्मनी, फ्रान्स, रशिया, इंग्लंड अशा अनेक देशांतून येत आणि ज्यांना ऐपत नसे त्यांना फी माफ असे. सकाळीं सहा वाजतां पहिला तास सुरू होई. भाषा, तोंडी हिशेब आणि भूमिति ह्यांच्या जोडीला चित्रकला, गायन, सृष्टिज्ञान, भूगोल, इतिहास, कवायत, बागकाम आणि हातकाम असे. क्रमांक आणि बक्षिसें ह्यांना थारा नव्हता. मुलानें कालच्या स्वतःपेक्षां आज पुढें असावें, एवढीच अपेक्षा होती.

येथील भूगोलाचा तास कसा असे, तें तेथील एका विद्यार्थ्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. शिक्षक मुलांना जवळच्या एका अरुंद दरींत नेत. ओढा कोठून येतो, कोठें वळतो, कांठ कोठें उंच व कोठें उतरता आहे, हें तीं पाहत. येतांना दरीच्या बाजूची चिकणमाती टोपल्यांत भरून आणीत आणि मोठ्या मेजांवर त्याच दरीची प्रतिकृति करीत. दुसऱ्या फेरींत थोडें पुढें जावयाचें आणि तेवढाच भाग मातींत वाढवावयाचा. सारी दरी पुरी झाल्यावर मग नकाशा समोर ठेवावयाचा. नकाशांतील प्रत्येक रेघ मुलांच्या पायाखालून व बोटांखालून गेलेली असे, म्हणून ती त्यांना वाचतां येई. वाचकहो, ह्या एका पाठांत सहल, सृष्टिनिरीक्षण, मोजणी, मूर्तिकाम आणि भूगोल हे सारे विषय आले. पण कोणीही दुसऱ्याचा वेळ खाल्ला नाहीं. कार्ल रिटर हा पुढें विख्यात झालेला भूगोलशास्त्रज्ञ येथें येऊन गेला. पेस्टालोझींना भूगोलाची माहिती शाळकरी मुलाएवढीही नाहीं, तरी ह्या शास्त्राची दृष्टि आपणांस त्यांच्याकडूनच मिळाली, असें त्यानें मोकळेपणानें मान्य केलें आहे.

फ्रोबेल येथें १८०८ ते १८१० पर्यंत राहिला आणि पुढें बालोद्यानाचा जनक झाला. प्रशियाच्या सरकारनें तरुण शिक्षक शिकावयास पाठविले. रॉबर्ट ओवेन आला. १८१६ सालीं अँड्र्यू बेल हेही आले. ह्या बेलसाहेबांचा आपल्या देशाशीं संबंध आहे. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेंत असतांना त्यांनीं देशी शाळांतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहिलीं आणि त्यावरून मोठ्या मुलांनीं लहानांस शिकविण्याची ‘मद्रास पद्धति’ बसविली. ती थोड्या खर्चांत पुष्कळ मुलांना अक्षर शिकवी. इव्हर्डन पाहून बेल ह्यांचें समाधान झालें नाहीं; आपली पद्धति लौकरच जगभर होईल आणि पेस्टालोझींची विसरली जाईल, असें त्यांनीं भाकीत केलें. घडलें उलटें. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासांत आज पेस्टालोझींचें नांव पुढें आहे. चार्ल्स मेयो ह्यांनीं इव्हर्डनहून इंग्लंडांत नेलेल्या विचारांवर त्यांची बहीण एलिझाबेथ हिनें वस्तूंवरील पाठांचें पुस्तक केलें. इंग्रजी अमदानींत ती पद्धति आपल्या शाळांतही आली आणि मराठींत ‘वस्तुपाठ’ हा शब्द रूढ झाला. पुष्कळ ठिकाणीं पुढें वस्तु बाजूला राहून नुसता पाठच उरला, हा दोष अर्थात् पेस्टालोझींचा नव्हे.

१८१४ सालीं इव्हर्डनचा किल्ला सैन्याच्या इस्पितळासाठीं घेण्याचा घाट घातला गेला. स्टान्झची आठवण ताजी असलेले पेस्टालोझी तडक बाझल येथें रशियाच्या झारच्या भेटीस गेले. शाळा तर वांचलीच. पण झारपुढें उभे राहिल्यावर हे गृहस्थ आपलें गाऱ्हाणें विसरून त्याच्या राज्यांतील भूदासांना मुक्त करण्याविषयीं व शाळा काढण्याविषयीं त्यालाच सांगत बसले.

परंतु बाहेरून जी शाळा वांचली, ती आंतून खचली. १८०९ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीनें तपासणी करून, सार्वजनिक शाळांसाठीं हा नमुना चालणार नाहीं, असा अभिप्राय दिला. शिक्षकांत तट पडले. पेस्टालोझींना हिशेब कधीं जमला नव्हता आणि माणसें संभाळणेंही जमलें नाहीं. १८१५ च्या डिसेंबरांत अ‍ॅना वारली. तिच्यामागें भांडणें मिटविणारें कोणी उरलें नाहीं. १८२५ सालीं शाळा बंद झाली आणि एकुणऐंशी वर्षांचे पेस्टालोझी नॉयहोफला, जेथें पहिलें अपयश आलें होतें तेथेंच, आपल्या नातवाकडे परतले. तेथेंही गरीब मुलांसाठीं शाळा बांधण्याचे बेत चालूच होते. ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें त्यांचा अंत झाला. बिर गांवच्या शाळेच्या भिंतीशेजारीं त्यांना पुरण्यांत आलें. १८४६ सालीं, त्यांच्या जन्माला शंभर वर्षें झालीं तेव्हां, आरगाउ प्रांतानें तेथें नवें शाळागृह बांधून त्याच्या भिंतीवर त्यांचें स्मारक उभारलें. त्यांनीं जें केलें तें सारें दुसऱ्यांसाठीं, स्वतःसाठीं कांहीं नाहीं, अशा आशयाचा लेख त्यावर आहे.

आतां आरंभींच्या शंकेकडे वळूं. पेस्टालोझींच्या हयातींत त्यांची एकही शाळा टिकली नाहीं, हें खरें. पण तीं भांडवलाच्या टंचाईनें, लढाईनें आणि मोठ्या माणसांच्या कलहानें मोडलीं. मुलें गाणीं गातात किंवा मातीचे डोंगर करतात म्हणून एकही मोडली नाहीं. वर्गांत जीं मुलें होतीं, तीं शिकलीं. चित्रकलेनें अक्षर सुधारलें, बागेंतल्या वाफ्यानें क्षेत्रफळ शिकविलें, समूहगायनानें दुसऱ्याच्या सुरांत आपला सूर मिळविण्याची संवय लाविली. आणि स्टान्झच्या मुलांनीं जें अन्न वांटून दिलें, त्याची परीक्षा कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत घेतां येत नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल शाळेंतून हात मातीनें भरून आलें तर त्याला रागें भरण्यापूर्वीं त्यानें काय केलें तें विचारावें. आणि विद्यार्थीमित्रांनो, तुम्हीही उत्तर पुऱ्या वाक्यांत द्या. म्हाताऱ्या पेस्टालोझींना तें आवडलें असतें.